कोरडं ठेवायचं काम : अधू मांजरांच्या शेडच्या नोंदी, सोलापूर

८ जानेवारी
शेड आजपासून आपलं. अक्कलकोट रोडला घरामागे सासऱ्यांचे चार माग होते. ते भंगारात जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तिथं नुसती अडगळ होती. अठरा बाय बावीस फूट, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी.

मांजरं सध्या घरातच आहेत, एकूण नऊ. मागून लुळी दोन, सोनी आणि मण्या. दोघांनाही गाडीनं उडवलेलं, कंबरेखाली संवेदना नाही. डुलत चालणारी दोन भावंडं, डुल्या आणि झुली. आंधळा भुऱ्या. तीन पायांची टिल्ली. आणि दात पडलेली तिघं म्हातारी. सगळ्यांची नसबंदी झालेली आहे.

या नोंदी ठेवतेय कारण मी सुरुवात केली तेव्हा मला हवं ते कुणी सांगितलं नाही. माया लावा असं सगळे सांगतात. दिवसाला किती टॉवेल लागतात, ते धुवायला पाणी किती, रात्री कितीला उठायचं, हे कुणी सांगत नाही.

११ जानेवारी
माग गेले तरी त्यांच्या पायाचे बोल्ट फरशीत तसेच, सोळा. ग्राइंडरवाल्यानं अर्ध्या दिवसात कापून दिले, ९०० रुपये घेतले. खरं काम पुढं निघालं. चाळीस वर्षं मागाचं तेल पिऊन फरशी काळी पडलीय. मांजर पंजा चाटतं, म्हणजे ते तेल सरळ पोटात. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून तीनदा घासली. वासे झाडले तर रुईची लूस पोतंभर निघाली. म्हाताऱ्यांपैकी एकीला जुनी सर्दी आहे, ती या लुशीत एक दिवस राहिली नसती. तीन दिवस गेले. मी एकच धरला होता.

१६ जानेवारी
काल गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं, शोभेचं दारूकाम. होम मैदान आमच्यापासून लांब आहे, तरी आवाज येतोच. बाकीची मांजरं कपाटाखाली गेली. भुऱ्याला काही दिसत नसल्यामुळं आवाज कुठून येतोय तेच कळेना, तो भिंतीला धडकत फिरला. त्याला पाटीत बसवून वर जाड चादर टाकली आणि शेजारी बसून बोलत राहिले, तेव्हा थांबला. पुढच्या वर्षी संध्याकाळी सहालाच चादर टाकायची.

१९ जानेवारी
माझी चूक लिहून ठेवते, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये.

पहाटे गारठा असतो म्हणून सोनीच्या अंथरुणात रबरी पिशवी ठेवली, गरम पाण्याची. वर एक टॉवेलची घडी होती. सकाळी तिच्या मागच्या मांडीवर रुपयाएवढा लाल चट्टा, संध्याकाळपर्यंत फोड. धडधाकट मांजर चटका बसला की उठून जातं. सोनीला त्या पायाचं काही कळतच नाही, ती रात्रभर तशीच पडून राहिली. डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांनी मला तो चट्टा माझ्या हातानं धुवायला लावला. मलमपट्टी सोळा दिवस, १,१०० रुपये. लुळ्या अंगाला ऊबही थेट लावायची नाही आणि बर्फही नाही. आता पिशवी पुढच्या पंजांकडे, तिला नको असेल तर तिला सरकता येईल अशी.

२६ जानेवारी
फरशीनं दहा दिवस खाल्ले. शहाबादीच्या सांध्यांत लघवी मुरते आणि धुतली तरी वास जात नाही. आधी ताडपत्री अंथरली. लघवीचं तळं साचलं, त्यात मण्या फरफटत गेला आणि पोटापासून शेपटीपर्यंत भिजला. मग गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट आणली, १,९०० रुपये. डुल्या-झुलीला ती इतकी मानवली की झुली पहिल्यांदा न पडता वाटीपर्यंत गेली. सोनीचे मात्र दोन दिवसांत गुडघे सोलले.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. डुलणाऱ्याला पकड लागते, फरफटणाऱ्याला गुळगुळीत लागतं. एका फरशीवर दोघांचं भागत नाही. शेडमध्ये मधून अडीच फुटी फळ्यांची आडभिंत घातली. डावीकडे रबरी मॅट. उजवीकडे सांधे सिमेंटनं भरून वर मीटरवर मिळणारं प्लास्टिकचं कार्पेट, कडा चिकटवलेल्या. एकूण ६,४०० रुपये, त्यात वाया गेलेली ताडपत्रीही आली.

डुल्या-झुलीबद्दल लोक सारखे विचारतात म्हणून सांगते. आई गाभण असताना तिला पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक विषाणूचा आजार, झाला की पिलांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते. त्याचं दुखणं नसतं, ते वाढतही नाही. मान हलते, पाऊल चुकतं, एवढंच. त्यांना उथळ ताटली चालत नाही, तोंड आपटतं. वाटी जड हवी, चार बोटं उंचावर ठेवलेली. शौचाच्या पाटीच्या कडा उंच हव्यात, म्हणजे तिला टेकून उभं राहता येतं.

२ फेब्रुवारी
लघवी काढण्याबद्दल. सोनी-मण्याला स्वतःहून पूर्ण होत नाही. थोडी गळते, बाकी लघवीच्या पिशवीत साचून राहते आणि तिथंच सडते. दिवसातून तीनदा हातानं दाबून काढावी लागते: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.

मॅडमनी दोनदा दाखवलं, तरी मला तीन आठवडे जमत नव्हतं. आतडं कुठलं आणि पिशवी कुठली हेच हाताला कळेना. शेजारच्या अक्का विड्या वळतात, चाळीस वर्षांचा हात. त्या सहज बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "दे बरं इकडं." आधी साबणानं दोनदा हात धुतले, तंबाखू मांजराला विषच. मण्याला चटईवर उभा धरला, डावा हात छातीखाली. उजव्या हाताचा अंगठा एका बाजूनं, चार बोटं दुसऱ्या बाजूनं, मागच्या पायांच्या जरा पुढं. डोळे मिटले. पानात तंबाखू किती भरला ते त्या न बघता ओळखतात, तसं बोटांनी थोडं चाचपलं आणि थांबल्या. "हे बघ. लिंबू हाय." मग हळूच, एकसारखा दाब शेपटीच्या दिशेनं. धार लागली. संपली तेव्हा म्हणाल्या, "आता पिळलेलं लिंबू."

मी चूक काय करत होते ते तेव्हा कळलं. मी टोचत होते, थांबून थांबून. दाब एकदा धरला की धार संपेपर्यंत सोडायचा नाही आणि वाढवायचाही नाही. पिशवी दगडासारखी टणक लागली आणि थेंब येत नसेल तर अजिबात जोर करायचा नाही, विशेषतः बोक्याला. बोक्याची वाट अरुंद असते, अडकली असेल तर पिशवी फुटू शकते. तडक डॉक्टरकडे. आणि हे कुठंही वाचून सुरू करू नका, इथं वाचूनही नको. आधी डॉक्टरांच्या हाताखाली शिका.

त्या दिवसापासून दुपारी दोनची फेरी अक्कांची. पैसे घेत नाहीत. मी त्यांच्या नातीचा अभ्यास घेते.

९ फेब्रुवारी
आमच्या भागात नळाला पाणी पाच दिवसांआड येतं, कधी रात्री दोनला. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमचा पाळीचा दिवस बदलत नाही. हिशेब मांडला. दिवसाला चौदा ते सोळा टॉवेल, धुवायला सत्तर लिटर. पाच दिवसांचे साडेतीनशे. दोनशे लिटरची दोन जुनी पिंपं घेतली, ८०० रुपयाला एक.

बोअरचं पाणी आहे, पण जड. नुसत्या त्याच पाण्यात धुतलेला टॉवेल वाळल्यावर पापडासारखा होतो आणि सोनीची कातडी त्यानं घासते. आता पहिलं खळबळणं आणि साबण बोअरच्या पाण्यात, शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात, आणि ते शेवटचं पाणी साठवून दुसऱ्या दिवशी पहिल्या खळबळण्याला. सत्तरचे पंचेचाळीस लिटर झाले.

१७ फेब्रुवारी
सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. कारखान्यातून नाकारलेला माल किलोवर मिळतो. वीस किलो आणला, ११० रुपये किलो. मऊ, पाणी पिणारा, फुकटासारखा. मला वाटलं अंथरुणाचा प्रश्न सुटला.

२५ फेब्रुवारी
टिल्ली दोन दिवस उलट्या करतेय. खात नाही, पोटाला हात लावू देत नाही. मॅडमनी तोंड उघडून जीभ वर केली. जिभेच्या मुळाशी एक पांढरा धागा गुंडाळलेला, बाकीचा घशाखाली गेलेला. मी ओढायला हात पुढं केला, त्यांनी हात धरला. असा धागा ओढला की आतडं नेफ्यातल्या नाडीसारखं चुणतं आणि चिरतं. लगेच ऑपरेशन. बावीस इंच धागा निघाला.

तो आपल्याच टॉवेलचा. नाकारलेल्या मालाच्या कडा शिवलेल्या नसतात, फाशे सुटलेले असतात. मांजराची जीभ काट्यांची, काटे आतल्या बाजूला वळलेले. एकदा धागा जिभेवर चढला की तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. ऑपरेशन, सलाईन, औषधं मिळून ९,२०० रुपये. टिल्ली वाचली.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सूत आहे त्या घरात मला हे सुचायला हवं होतं. हे मनातून जात नाही.

१ मार्च
वीसच्या वीस किलो टॉवेल शिंपीकाकांकडे. प्रत्येकाच्या चारी कडांना ओव्हरलॉक आणि वरून दुमडून शिलाई. नगाला ६ रुपये. सुटे फाशे असलेले सरळ बाजूला काढून फरशी पुसायला, तेही मांजरांच्या खोलीबाहेर. लुळ्यांच्या बाजूला आता टॉवेल नाहीच, नखं फाशांत अडकतात. तिथं जुन्या सोलापुरी चादरी चार तुकडे करून, कडा शिवून. चादरीची वीण घट्ट, फासा नाही, नख अडकत नाही. आमच्याच नातेवाइकांनी माळ्यावरून अकरा काढून दिल्या. वाळायला वेळ लागतो, पण या उन्हात ती अडचण अजून नाही.

रोज रात्री अंथरुणं बदलताना कडेवरून बोट फिरवायचं. दोरा लोंबला की कात्री.

८ मार्च
गाडा करून बघितला. पीव्हीसीचा अर्ध्या इंची पाइप, खेळण्याची चाकं, पोटाला पट्टा. पुतण्यानं दोन रविवार घालवले, ७५० रुपये लागले. सोनीला बांधलं की ती कुशीवर पडायची आणि हलायचीच नाही. मण्या चार पावलं गेला, मग दाराच्या चौकटीत अडकून ओरडला. कुत्र्यांना गाडा मानवतो असं मॅडम म्हणतात, मांजरांचं सांगता येत नाही. गुळगुळीत फरशीवर हे दोघं नुसत्या पुढच्या पायांवर माझ्याआधी दारात पोचतात. गाडा मोडला, पाइप नळाला वापरला.

त्याऐवजी शिंपीकाकांनी खेळाडूंच्या टीशर्टच्या कापडाची पिशवी शिवली. मागचे पाय आणि कंबर त्यात जाते, छातीला वेलक्रो. अंगणात सोडताना तेवढा वेळच. गुडघे सोलत नाहीत. नगाला ८० रुपये.

१४ मार्च
लघवीनं भाजणं. सोनी-मण्या दोघांच्याही मांड्या आतून लाल झाल्या. लहान बाळाचं डायपर उलटं बांधून, शेपटीला भोक पाडून दिवसभर ठेवत होते, त्यामुळं. या उकाड्यात आत वाफ धरते. डायपर बंद, फक्त डॉक्टरकडे नेताना. मांड्यांचे आणि शेपटीखालचे केस मशीननं बारीक केले. प्रत्येक फेरीनंतर नुसतं कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. एक ताई बाळाच्या पुरळाचं मलम घेऊन आल्या होत्या. पाठीमागं बघितलं तर झिंक ऑक्साइड. मांजर ते चाटतं आणि ते त्याला विषारी. परत दिलं, समजावून सांगितलं.

त्याच ओघात बाकीचंही लिहिते, कारण चांगल्या मनानं आलेली माणसं हीच चूक करतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा-लसणाचा रस्सा नको. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात, आणि लुळ्या मांजराला जुलाब म्हणजे दिवसभर धुणं आणि भाजलेलं अंग. फिनेल नको, काळं नाही आणि पांढरंही नाही. पंजे चाटताना पोटात जातं. आम्ही आधी साबणानं फरशी धुतो, मग ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीच) एका भागाला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं, मग पुन्हा पाणी. लघवीवर थेट कधीच टाकायचं नाही, धूर डोळ्यांत जातो.

२१ मार्च
मण्या चावला. बद्धकोष्ठ झाला होता, चार दिवस शी नव्हती, मी पोट चोळत होते. अंगठ्यात दोन दात खोल गेले. साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू केली, दंडाच्या कातडीत, पहिल्या दिवसापासून ०, ३, ७ आणि २८. त्याची लस झालेली आहे, तरी मी घेतली. अंगठा आठवडाभर सुजला, मांजराचा चावा लहान दिसतो पण पू लवकर धरतो. अक्का आणि पुतण्या, दोघांनाही आता आधीच लस घ्यायला सांगितलंय.

मण्याला मॅडमनी लॅक्टुलोज दिलं, जेवणात उकडलेला लाल भोपळा चमचाभर. मोकळा झाला. आता कोंबडीच्या उकडीत तिचंच पाणी ठेवतो, फेकत नाही. पाणी पोटात गेलं की लघवी पातळ राहते, शीही मऊ.

६ एप्रिल
दुपारी तीनला शेडमध्ये ४१ अंश. म्हाताऱ्या तोंड उघडून धापा टाकायला लागल्या. मांजरानं धाप टाकणं हे चांगलं लक्षण नाही. कूलर लावला. दिवसाला पिंपाचं पन्नास लिटर पाणी प्यायला आणि हवा इतकी दमट झाली की चादरी ओल्याच. तीन दिवसांत सोनीची मांडी पुन्हा लाल. कूलर बंद.

९ एप्रिल
पत्र्याला चुना, फेविकॉल मिसळून, दोन हात. त्यावर दीडशे पेंढ्या कडबा. चुना ६०० रुपये, कडबा ३,६००, गडी ५००. दुपारी तीनला आत ३६. पाच अंश उतरले. कोपऱ्यात ओल्या वाळूवर दोन भरलेले माठ ठेवलेत, म्हाताऱ्या त्यांना पाठ लावून झोपतात.

कडब्यात उंदीर आले. भुऱ्या रात्रभर पत्र्याखाली बसून वर तोंड करून कान फिरवतो, उंदीर जिकडे जाईल तिकडे त्याचे कान जातात. गड्ड्यानंतर इतका निवांत मी त्याला बघितला नव्हता.

३ मे
भाचीच्या लग्नाला पंढरपूरला गेले. अक्का दुपारी येऊन गेल्या. रात्री दहाची फेरी पुतण्याकडे होती, त्याला वाटलं मी परत येईन, मला वाटलं तो करेल. सकाळी सहाला मी आले तेव्हा मण्याची पिशवी संत्र्याएवढी. दाबल्यावर आलेली लघवी चहाच्या रंगाची, दुर्गंधी, शेवटी रक्त. सोळा तास.

२४ मे
मण्याचा संसर्ग बरा व्हायला तीन आठवडे. लघवीची तपासणी दोनदा, कल्चर (जंतू कुठला ते बघायची तपासणी), मग त्यानुसार औषध. ३,८०० रुपये. पहिल्या पाच दिवसांत तो माझ्या हाताजवळ येईना, दाबायला घेतलं की कण्हायचा. आता येतो.

दाराशी शाळेची पाटी टांगलीय. फेरी झाली की वेळ, रंग, किती आली, आणि करणाऱ्यानं सही. पाटीवर सही नाही म्हणजे फेरी झाली नाही, तोंडी काही चालत नाही. पुतण्याला मी बोलले त्या दिवशी, पण चूक माझीही तेवढीच होती. तोच रात्री उठून पाटी तपासतो आता.

२८ मे
वळवाचा पाऊस. वाऱ्यानं निम्मा कडबा शेजारच्या गल्लीत नेला. उरलेल्यावर शेडनेट टाकून तारेनं बांधला, १,२०० रुपये. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१९ जून
नवीन मांजर. पिलू, दोन्ही डोळे सर्दीच्या संसर्गानं गेलेले. घरातल्या न्हाणीत वेगळं ठेवलंय, चौदा दिवस. तिथली शौचाची पाटी, वाटी, झाडू, चपला वेगळ्या, आणि त्याचं सगळं करणं शेवटी, बाकीच्यांचं झाल्यावर. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू जमिनीवर वर्षभरही टिकतो, म्हणून घाई करायची नाही. भुऱ्याच्या वेळी शिकले तेच इथं: वस्तूंची जागा बदलायची नाही. पाणी डावीकडे म्हणजे कायम डावीकडे. उचलण्याआधी नाव घ्यायचं. नाव अजून ठेवलं नाही, अक्का ठेवणार आहेत.

११ जुलै
पाऊस लागलाय, चार दिवस ऊन नाही. जी चादर मार्चमध्ये तासाभरात वाळत होती ती आता दीड दिवस घेते. घरातल्या मधल्या खोलीत तीन दोऱ्या बांधल्या, पंखा चालू. दोऱ्या उंच, मांजरांच्या आवाक्याबाहेर. गिरणीवाल्यांनी पीठ दळून झाल्यावर संध्याकाळी गरम मशीनजवळ सहा चादरी टाकू दिल्या, हे उद्याही विचारायचं. चादरी वाढवायच्या आहेत, कमीत कमी आठ. फक्त सुती, जुन्या, कडा शिवून.

आजची पाटी. सकाळी ६: सोनी भरलेली, मण्या अर्धा, दोघांची स्वच्छ. दुपारी २: दोघं ठीक, अक्का. रात्री १०: सोनी कमी, मण्या भरलेला, रंग फिका. चादरी धुतल्या ९, वाळल्या ६. सोनीची मांडी कोरडी.